‘काल दिले आहेत’ म्हनतो तं इंग्रजीत हॅव काहून नाई चालत?

मंडळी, भाचा आठवीत हाय. त्यानं पेपरात ‘आय हॅव गिव्हन हिम मनी यस्टरडे’ लिहिलं तं सरांनी ‘हॅव गिव्हन’वर लाल रेघ मारून ‘गेव्ह’ करून देल्लं. पोट्टं म्हनते मावशी, मराठीत ‘मी त्याले काल पैसे दिले आहेत’ बरोबर हाय ना, मंग इंग्रजीत काय बिघडलं? मले काई सांगता नाई आलं. आन व्ही वन, व्ही टू, व्ही थ्रीचा तक्ता भितीले चिकटवला हाय तरी बॉट आन ब्रॉटमधे रोज गोंधळ, काई युक्ती असन तं सांगा जी.

ताई, सर बरोबर हायेत पन पोट्ट्याचा प्रश्न फालतू नाई. आपला ‘आहेत’ कालसोबत बसते, परवासोबत बसते, पोळ्याच्या दिवशी दिले आहेत म्हटलं तरी कोनाले खटकत नाई. इंग्रजीतला हॅव आताच्या वेळेले बांधलेला हाय. पैसे कवा देल्ले हे सांगाचं नाई, देल्ले आन आता माझ्याकडं बाकी नाई एवढंच सांगाचं, तं हॅव गिव्हन. यस्टरडे, लास्ट वीक, इन 2019, टू डेज अगो अशी संपून गेलेली वेळ वाक्यात आली का हॅव काढा, साधं गेव्ह ठेवा. टुडे, धिस वीक अजून चालू हायेत म्हनून तिथं हॅव चालते.

याच्या उलटंही होते बरं. ‘मी 2015 पासून इथं राहतो’ हा आपल्याकडं वर्तमानकाळ, म्हनून पोट्टे इंटरव्ह्यूत बिनधास्त ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हियर सिन्स 2015’ ठोकते. तिथं मात्र हॅव पाह्यजेच, ‘आय हॅव लिव्ह्ड हियर सिन्स 2015’. म्हंजे जिथं नको तिथं आपन हॅव घालतो आन जिथं पाह्यजे तिथं खातो.

दादा मंग हॅडचं काय? आमच्याकडं सगळे ‘काल अकोल्याले गेल्तो’च म्हणतात, मी ऑफिसच्या मेलमधे सरळ ‘आय हॅड गॉन टू अकोला यस्टरडे’ लिहितो, साहेब काही बोलत नाहीत पण डाउट येतो.

साहेबही गेल्तोवालेच असतीन 😄 नुसतं गेलो असन तं ‘वेन्ट’. हॅडले मागं-पुढं अशा दोन गोष्टी लागते, मी स्टँडवर पोचलो आन एसटी त्याच्या आधीच निघून गेल्ती, ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट’. दुसरी गोष्ट बोलन्यात कुठंच नसन तं हॅड उगाच लटकते.

आता तक्त्याचं. ए टू झेड पाठ करनं बेकार, आवाजानं गट पाडा. ब्रिंगमधे र हाय म्हनून ब्रॉटमधे र, बायमधे नाई म्हनून बॉटमधे नाई, झालं. सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, रिंग-रँग-रंग, बिगिन-बिगॅन-बिगन ही एक भावकी. कट, पुट, हिट, शट, हर्ट, कॉस्ट, स्प्रेड बदलतच नाईत, आन पाहा, सगळ्याईच्या शेवटी ट नाईतं ड हाय. (म्हनून ट-ड वाले सगळेच बदलत नाई असं समजू नका, वॉन्टचं वॉन्टेडच होते.) रीडचं स्पेलिंग तेच राहते, वाचाचं मात्र रेड.

अशी वाकडी क्रियापदं दोनशेच्या आसपास हायेत, पन बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, टेक, कम, सी हे रोजच्या तोंडातले सगळेच वाकडे, कारन जे रोज बोलल्या जाते ते जुनं रूप टिकवून धरते. कमी वापरातले हळूहळू ईडी लावून सरळ होते, नवीन आलेलं तं सरळच राहते, गूगलचं गूगल्ड. वेन्ट तं गोचा नाईच मुळात, वेन्ड नावाच्या जुन्या क्रियापदाचा हाय, गोनं उचलून आनला. भाच्याले म्हना हसू नको, आपन तरी जातोचं ‘जालो’ कुठं करतो, गेलोच म्हनतो ना, येतोचं आलो आन करतोचं केलं.

हाव जी, समजलं. एक राह्यलं, हँगचं हंग का हँग्ड? दोन्ही पाह्यलं म्या.

दोन्ही हायेत ताई. कॅलेंडर भितीवर टांगलं तं हंग, मानसाले फाशी देल्ली तं हँग्ड.