हेम्पच्या सीबीडी अर्कांमध्ये नेमका फरक कोणता?

जिज्ञासू :
हेम्प, म्हणजे नशा आणणारा घटक अत्यल्प असलेल्या भांगेच्या झाडापासून काढलेल्या सीबीडी (कॅनाबिडिऑल, नशा न आणणारा घटक) तेलांवर फुल-स्पेक्ट्रम, ब्रॉड-स्पेक्ट्रम आणि आयसोलेट असे तीन प्रकार लिहिलेले आढळतात. सीबीडीचे प्रमाण तिन्हींवर सारखेच असेल, तर फरक कशात असतो? माझ्या नोकरीत अधूनमधून अमली पदार्थांसाठी लघवीची तपासणी होते, म्हणून हे नीट समजून घ्यायचे आहे.

रसायनप्रेमी :
फरक सीबीडीत नसून त्याच्यासोबत काय शिल्लक ठेवले आहे, यात असतो. इथेनॉलने किंवा उच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइडने अर्क काढतात आणि तो गोठवून त्यातले मेण गाळून टाकतात. एवढ्यावर थांबल्यास सीबीजी (सीबीडीसारखाच झाडातला आणखी एक घटक), मिरसीन व लिमोनीनसारखी टर्पीने (वास देणारी द्रव्ये) आणि थोडे टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेला गडद, उग्र वासाचा फुल-स्पेक्ट्रम अर्क मिळतो. त्यातले टीएचसी काढून टाकले की तो ब्रॉड-स्पेक्ट्रम होतो. शुद्धीकरण शेवटपर्यंत नेले, तर सुमारे ९९ टक्के शुद्ध, जवळजवळ गंधहीन पांढरी भुकटी उरते, तेच आयसोलेट.

तपासणीत टीएचसीपासून शरीरात तयार होणारा घटक शोधतात. तेलात ०.२ टक्के टीएचसी असले, तरी एका मिलिलिटरमागे जवळपास २ मिलिग्रॅम पोटात जाते, आणि मेदात साठणारा हा पदार्थ रोजच्या सेवनाने वाढत जातो. त्यामुळे तुम्ही फुल-स्पेक्ट्रम टाळावे, हे मी ठामपणे सांगेन.

वनौषधी_वाचक :
सर्व घटक एकत्र असले की परिणाम वाढतो, असे मानणारे संशोधक आहेत. मग आयसोलेट कमी प्रतीचे ठरत नाही का?

औषधशास्त्र_अभ्यासक :
तसे म्हणता येणार नाही. अमेरिकेत २०१८ साली अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी मान्यता मिळालेले एपिडायोलेक्स हे शुद्ध सीबीडीच आहे, तर एकत्रित परिणामाबद्दल माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे.

मला अधिक काळजी वाटते ती लेबलांची. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ उत्पादनांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत केवळ २६ उत्पादनांवरचे सीबीडीचे प्रमाण बरोबर निघाले आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. म्हणून ‘ब्रॉड-स्पेक्ट्रम’ या शब्दावर विसंबू नका. त्याच बॅचचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि त्यात टीएचसीसमोर कोणता आकडा आहे, ते पाहा. शिवाय वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) किंवा क्लोबाझाम (अपस्मारावरचे औषध) सुरू असेल, तर प्रकार कोणताही असो, आधी डॉक्टरांना विचारा, कारण ही औषधे यकृतातील ज्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) शरीराबाहेर पडतात, त्यांचे काम सीबीडी मंदावते.