एसी घ्यावा की कूलरच बरा? तुमचे अनुभव सांगा

लातूरकर: काल माळ्यावरून कूलर काढला. जाळ्यांवर क्षाराचा पांढरा थर. एकदम २०१६ आठवलं, मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं ते. "आधी माणसं पितील, मग तो," म्हणत आईनं कूलरची टाकी भरू दिली नव्हती. आता एसीचं चाललंय. विंडो की स्प्लिट? खोली बारा बाय बारा, वर थेट स्लॅब.

परभणीवाले: वर स्लॅब म्हणजे दीड टन. दुकानदार खोलीचं माप विचारतो, छताचं कुणी विचारत नाही. आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीला लावू देऊ नका. आमचं तिथंच आहे, दुपारभर भाजून निघतं.

भाड्याचं घर: विंडो! घर बदललं की उचलायचा अन् निघायचं. स्प्लिटला दरवेळी पाइप, गॅस, फिटिंगवाल्याच्या मिनतवाऱ्या. आवाज होतो, पण शेजारच्यांची मालिका ऐकू येत नाही 😄

जालन्याची सून: मे महिन्यात कूलरच. वाळ्याच्या ताट्या हव्यात, हनीकोंबला तो वास नाही. अन् समोरची खिडकी उघडी ठेवा हो! लोक सगळं बंद करून बसतात, मग म्हणतात गार होईना. मृग लागला की मात्र नुसती चिकचिक.

आखाड्यावरून: इथं लाइटच राहीना, तुम्ही स्टार काय मोजू लालाव. घरच्या बॅटरीवर कूलर फिरतो. सासऱ्यांनी इन्व्हर्टर एसी आणला, म्हणे लाइट गेली तरी चालंल. तो नुसता कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो, बिल वाचतं. पहिल्याच रात्री लाइट गेली अन् सगळे अंगणात बाजा टाकून.

परभणीवाले: 😂 सासरे काय म्हणले?

आखाड्यावरून: अजून दुकानदाराला शिव्या देऊ लालेत.

औश्याची: आजोळी माळवद होतं, भर दुपारी गार. ९३ च्या भूकंपात पडलं, आता पत्रे. पत्र्याखाली कोणताही लावा, आधी वर काहीतरी घाला.

जालन्याची सून: आजोळ किल्लारीकडचं का? माझी आत्या तिकडचीच.

औश्याची: हो, जवळच. मेसेज करते.

भाड्याचं घर: एसीचं पाणी बादलीत धरता का कुणी? आमच्याकडे नळ कधी येईल भरवसा नाही, फरशी त्यावरच पुसतो.

लातूरकर: तुळशीला चालतं का ते?

भाड्याचं घर: आमची तरी जिवंत आहे.