इंदूर: 'सदर्न' जेवणाच्या छोट्या हॉटेलात काय मागवावं?

पलासियाकर

घराजवळ सहा टेबलांचं एक हॉटेल सुरू झालंय. पाटीवर 'सदर्न कम्फर्ट फूड' लिहिलंय. इडली-डोशाचं साउथ नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेकडचं. मेनूवर फ्राइड चिकन, बिस्किट-ग्रेव्ही, कॉर्नब्रेड, ग्रिट्स, कॉलर्ड ग्रीन्स, मॅक अँड चीज, फ्राइड ओक्रा, गंबो आणि स्वीट टी. रविवारी आम्ही पाच जण जाणार आहोत. आजी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाबा चिकन खातात, पोर्क नाही. मागवायचं काय, आजींसाठी कुठे सांभाळायचं, आणि पदार्थ नीट जमलाय की नाही हे पहिल्यांदा खाणाऱ्यानं ओळखायचं कसं? आणि ग्रिट्स म्हणजे आपला भुट्ट्याचा कीसच ना?

कढईतलं

टेकल्या टेकल्या, बाकीचा मेनू वाचायच्या आधी, चिकन सांगून टाका. हाडासकटचा तुकडा साधारण १६५ ते १७५ अंशांच्या तेलात १२-१५ मिनिटं घेतो, मग पाचेक मिनिटं जाळीवर निथळतो. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागणारच. पाच मिनिटांत ताट आलं तर समजा, आधी तळून ठेवलंय आणि आता नुसतं गरम केलंय.

पहिल्या घासाला वरचं आवरण अख्खं सोलून हातात आलं, तर पिठात घोळवून लगेच तेलात सोडलंय. घोळवलेले तुकडे १५-२० मिनिटं तसेच ठेवावे लागतात. पीठ ओलं होऊन मांसाला धरतं, तेव्हाच ते तळणीत टिकतं. बाहेरून काळपट आणि आत कच्चं असेल तर तेल जास्त तापलेलं होतं. तेलकट, लिबलिबीत असेल तर तेल निवलेलं होतं, बहुतेक एकाच वेळी कढई भरून तुकडे टाकलेत. हाडाजवळ लालसर दिसलं म्हणून मात्र लगेच घाबरू नका. ब्रॉयलर कोवळा असतो, हाडातल्या मज्जेचा रंग बाहेर झिरपतो. खरी कसोटी तापमानाची: आत ७४ अंश. शंका आली तर ताट परत पाठवून मोजायला सांगा. तळणाचा धंदा करणाऱ्याकडे थर्मामीटर असायलाच हवा.

मीठ आवरणात नाही, आत मांसाला लागलेलं हवं. त्यासाठी तुकडे रात्रभर मिठाच्या ताकात मुरवतात. ऑर्डर देताना एक विचारा: कातडीसकट आहे का? आपल्याकडे चिकन बहुधा सोलूनच विकतात, आणि मूळ पदार्थ कातडीसकटचा. कातडी नसेल तर छातीचा तुकडा कोरडा पडतो, तेव्हा तंगडी आणि मांडी मागा.

आणि भिया, पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याची पुडी खिशातच राहू द्या, निदान पहिल्या तुकड्यापुरती.

ताकभात

आधी कीसाचं. नाही, ग्रिट्स म्हणजे कीस नव्हे. कीस ओल्या कणसाचा, किसून तुपात परतून दुधात शिजवलेला. ग्रिट्स वाळलेल्या मक्याचे, जाडसर भरडलेले. आपल्या मक्याच्या दलियाच्या जवळचे. कीसाचं नातं लावायचंच तर त्यांच्या 'क्रीम्ड कॉर्न'शी लावा.

जात्यावर भरडलेले ग्रिट्स चौपट-पाचपट पाण्यात किंवा दूध-पाण्यात मंद आचेवर पाऊण तास ढवळत शिजवतात, मीठ सुरुवातीलाच. दाताखाली कचकच लागली तर घाई झाली. गोंदासारखे गुळगुळीत असतील आणि मक्याची चव शोधावी लागत असेल तर झटपट पाकिटातले आहेत. कोळंबी घातलेले ग्रिट्स मेनूवर असले तरी इंदूरात ती कोळंबी गोठवलेलीच येणार. कोळंबी गोल आवळून शून्यासारखी झाली असेल तर जास्त शिजली.

हॉटेलाची खरी परीक्षा बिस्किटात. चहात बुडवायचं नव्हे हे. मैदा, थंडगार लोणी, ताक आणि बेकिंग पावडर यांचा मऊ पाव म्हणा. दोन बोटं तरी उंच हवं आणि हातानं उकलल्यावर पदर सुटायला हवेत. बसकं आणि घट्ट झालं तर पीठ जास्त मळलंय किंवा लोणी भट्टीत जायच्या आधीच वितळलंय. आपल्या एप्रिल-मेमध्ये हे दुसरं कारण फार. एका बाजूला कललेलं दिसलं तर कापताना वाटी पिळून फिरवलीय, त्यानं कडा दबून बंद होतात. साबणासारखी चव म्हणजे सोडा जास्त. त्यांचं पीठ मऊ गव्हाचं असतं, म्हणून इथले जाणते कपभर मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढं कॉर्नफ्लोअर घालतात. ताकही आपलं पातळ चालत नाही, तीन भाग दह्याला एक भाग पाणी असं दाट लागतं.

कॉर्नब्रेड गोड केकसारखा लागला तर ती उत्तरेकडची तऱ्हा. दक्षिणेत साखर नाही, किंवा अगदी नावाला. बिडाचं भांडं चरबी घालून आधी तापवतात आणि पीठ ओतताना चर्र आवाज यावा लागतो. म्हणून तळ खरपूस हवा. तळ पांढरट राहिला तर भांडं थंड होतं. भुगा होतो म्हणून मात्र तक्रार करू नका, मक्याच्या पिठात चिकटपणा नसतोच.

विचारून_खा

आजींसाठी इथे खरा घोळ आहे, कारण दक्षिणेत भाजी म्हणजे शाकाहारी असं समीकरण नाही. कॉलर्ड ग्रीन्स (कोबीच्या कुळातली पालेभाजी), घेवडा, चवळी हे सगळं परंपरेनं धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून तास-दीड तास शिजवतात. इथे बहुधा चिकन किंवा कोळशाचा धुंगार वापरत असतील, पण विचारायचंच. बाबांच्या पोर्कचा प्रश्नही त्यातच सुटेल. बिस्किटावरची पांढरी ग्रेव्ही सॉसेजच्या चरबीत मैदा परतून, दूध आणि मिरी घालून होते. तीच लोण्यात करून देता येते, सांगितलं तर.

अंडं लपलेल्या जागा: कॉर्नब्रेड, बटाट्याचं सॅलड आणि मॅक अँड चीज. शेवटच्याचं नवल वाटेल, पण भट्टीतल्या दाक्षिणात्य पद्धतीत अनेकदा अंडं-दूध घालून थर बसवतात. बिस्किटात सहसा अंडं नसतं, डुकराच्या चरबीचं नसून लोण्याचं आहे एवढी खात्री करा. फ्राइड ओक्रा म्हणजे मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी. प्रश्न असा विचारा: "चिकनच्याच तेलात तळता का?" सहा टेबलांच्या स्वयंपाकघरात दुसरी कढई असेलच असं नाही. "व्हेज आहे का" विचारलंत तर उत्तर 'हो'च येणार.

चवळी-भात ('हॉपिन जॉन') असेल आणि त्यात मांस घातलेलं नसेल, तर आजींना रुचेल. तिकडे तो १ जानेवारीला शुभ म्हणून खातात. भेंडी आणि चवळी दोन्ही आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर तिथे पोचल्या. गंबो या दाट रश्शाचं नावच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलंय.

पलासियाकर

खूप उपयोग झाला. पाच जणांना किती मागवू? आणि गंबो घ्यावा का?

कढईतलं

'मीट अँड थ्री' अशी थाळी असेल तर तीच घ्या, एक मांसाचा पदार्थ आणि तीन साइड. गंमत म्हणजे मॅक अँड चीज तिथे भाजीतच धरतात. मांसाहारी चौघांना तीन थाळ्या पुरतात, वर अर्धा डझन बिस्किटं. आजींचं वेगळं सांगा. गंबो एकच वाटी घेऊन चाखा. त्याचा मैदा तेलात अर्धा-पाऊण तास ढवळून चॉकलेटी करावा लागतो. कडवट लागला आणि काळे कण दिसले तर तो करपलाय, वाटी परत करा. स्वीट टी सगळ्यांना नको, लिटरला ५० ते ८० ग्रॅम साखर असते. दोनच ग्लास मागवा आणि बर्फ जास्त घालून वाटून घ्या.

उरलेलं चिकन पार्सल करताना डबा उघडा ठेवायला सांगा. झाकण लावलं की वाफेनं घरी पोचेपर्यंत आवरण भिजून जातं.