खोक्यावर 4के, पडद्यावर ठिपके: स्वस्त कॅमेऱ्यांचे तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात बेळगावच्या वडगावात आमच्या दारातून पुतण्याची सायकल गेली. वर कॅमेरा होता, अठराशेचा, खोक्यावर ठळक 'अल्ट्रा एचडी 4के, 8 मेगापिक्सेल'. फुटेज बघायला निम्मी गल्ली जमली. एक पांढरा शर्ट आला, सायकल घेतली, गेला. तोंडाच्या जागी चार चौकोनी ठिपके. समोरचे काका म्हणाले, "हा मीबी असू शकतो की!"

मग आतलं माहितीपत्रक भिंगानं वाचलं. सेन्सर 2 मेगापिक्सेलचा. म्हणजे डोळा 1920 बाय 1080 चा, आणि तेच चित्र ताणून 3840 बाय 2160 ची फाइल करायची. चौघांच्या आमटीत पाणी ओतून सोळा जणांना वाढायची, तसं. फाइल मात्र खरोखर 4केची, त्यामुळे दुकानदाराला खोटारडा म्हणायचीही सोय नाही.

तुमच्याकडं काय झालं ते लिहा. कंपनी-दुकानाचं नाव नको. खोक्यावर काय होतं आणि निघालं काय, तेवढं सांगा.

निपाणी, तंबाखूची वखार

'नाइट व्हिजन 50 मीटर.' आमचं फाटक तिसाच्या आतच. रात्री फाटक दिसत नाही, पण कॅमेऱ्यापुढचं कोळ्याचं जाळं दोरखंडाएवढं दिसतं. आयआरचे, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाचे, चारच बारके दिवे. त्यांचा उजेड जाळ्यावर आपटून परत येतो. शेवटी फाटकावर साधा एलईडी फोकस लावला. वॉचमनमामा रोज संध्याकाळी काठीला केरसुणी बांधून कॅमेरा झाडतात.

चिकोडी

माझ्या खोक्यावर '5जी' होतं. सिम कुठं घालायचं ते शोधण्यात अख्खी दुपार गेली. ते वाय-फायचं 5 गिगाहर्ट्झ निघालं! हसू नका.

जांबोटीजवळ, काजूची बाग

मी सोलरवाला घेतला. '20000 एमएएच बॅटरी, 24 तास रेकॉर्डिंग.' पहिल्याच पावसाळ्यात मान टाकली. आमच्याकडं आषाढात ऊन आठवडा आठवडा दिसत नाही, हे मान्य. पण उघडून बघितलं तर आत 18650 मापाचे, बोटाएवढे दोन लिथियम सेल. असा चांगल्यातला चांगला एक सेल साधारण साडेतीन हजार एमएएचचा. दोन मिळून सात हजार. बाकीचे तेरा हजार कुठल्या हिशोबानं लिहिले, देव जाणे.

आणि 24 तासांचा अर्थ असा, की तो चोवीस तास झोपतो. पुढं काही हललं की उठतो, दहा सेकंद चित्रण करतो, परत झोपतो. उठायलाच दोन-तीन सेकंद लागतात. भीमगडच्या जंगलाच्या बाजूनं गवे येतात. माझ्याकडं गव्याचे अकरा व्हिडिओ आहेत. अकराही शेपटाचे.

शहापूर, साड्यांचं दुकान

कॅमेरा बरा होता, त्याच्याबरोबर फुकट आलेलं 128 जीबीचं कार्ड बोगस. कॉम्प्युटरला 128 दाखवायचं, पण फाइली उघडायच्या नाहीत. एरवीही हिशोब करून बघा: 2 एमबीपीएसनं (सेकंदाला 2 मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) अखंड रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला 21.6 जीबी लागतात. खरं 64चं कार्डसुद्धा तीन दिवस पुरत नाही. चोरी आठ दिवसांनी लक्षात आली तर काय बघणार?

टिळकवाडी, कॅमेरे बसवण्याचा धंदा

शिव्या खायच्या तयारीनं लिहितो. असले कॅमेरे मीही बसवलेत. गिऱ्हाईक खोक्यावरचा आकडा बघून भाव करतं. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात मीटरभर रुंदीला साधारण 250 पिक्सेल लागतात. 1920चा कॅमेरा म्हणजे साडेसात मीटर रुंदी, संपलं. तुम्ही त्यात अंगण, रस्ता आणि पलीकडचं देऊळ बसवायला सांगता. दोन लेन्सवाल्यात तर 4 आणि 4 मिळवून '8 मेगापिक्सेल' लिहितात. चित्रं दोन वेगळीच.

खोक्यावर आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासा. 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्हीला सायबर-सुरक्षेच्या चाचण्याही लागू झाल्यात. पण त्यातलं काहीच चित्राची ग्वाही देत नाही. त्यापेक्षा दुकानातच कॅमेरा जोडून मागा, रेकॉर्ड करा आणि रेकॉर्डिंग झूम करून बघा. लाइव्ह चित्रावर जाऊ नका.

वडगाव, पुन्हा मी

टिळकवाडीच्या दादांचं ऐकून काल त्याच दुकानात गेलो. कॅमेरा जोडायला लावला आणि तिथल्या पोराला रस्त्यापलीकडं उभं केलं. रेकॉर्डिंग झूम केलं. मालकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पोराला हाक मारली, "अरे, आणि जरा पुढं ये की!"

पैसे परत नाही म्हणाले. दोनशे वर घेऊन दुसरा दिला. खोक्यावर नुसतं '3 मेगापिक्सेल'. त्याच जागी उभ्या पोराच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं.