बाबांच्या हातावर गाठींची रांग, नागपुरात कुठे दाखवू? (बजेट ३ हजार)

काटोलचा_पोट्टा: संत्र्याचे पानसोट (नको असलेले फुटवे) काढताना बाबांच्या बोटात काटा रुतला. तिथे फोड येऊन चिघळला. आता बोटापासून कोपरापर्यंत एका ओळीत गाठी. दुखत नाहीत, खाजतही नाहीत. अँटिबायोटिकनं काहीच फरक नाही. तपासण्या धरून ३ हजारांत बसेल असं सांगा.

महालवाला: गजकर्ण आहे. मले मांडीले झालं होतं. केमिस्टकडून ट्यूब घ्या, आठ दिवसांत साफ!

स्लाइडवाली: महालवाले भाऊ, गजकर्ण खाजतं, असं हातावर चढत नाही. अन् त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं, बुरशी आणखी माजते. काट्यानंतर अशी रांग म्हणजे आधी स्पोरोट्रायकोसिसची (काट्यातून आत शिरणाऱ्या बुरशीच्या आजाराची) शंका घ्यायची. पण त्वचेचा टीबी, नोकार्डिया (एक जिवाणू) हेही असेच दिसतात, म्हणून बायोप्सी लागेल, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी. तुकड्याचे दोन भाग करायला सांगा: एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा सलाइनमध्ये कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला). सगळाच फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतू मरतात, कल्चर होणारच नाही.

धंतोली_ताई: आमच्या सासऱ्यांचे रामदासपेठेत बारा हजार गेले, पण एसी वेटिंग, गोड बोलणारा डॉक्टर. तब्येतीपुढे पैसा पाहू नये.

महालवाला: संत्र्याले कुठले आले काटे? गुलाबाचा असंन.

बागाईतदार_नरखेड: संत्र्याची कलम जंभेरी लिंबाच्या खुंटावर असते राजेहो, त्याचे काटेरी फुटवे धरून पाहा एकदा.

स्लाइडवाली: काटा कोणताही असो, बुरशी मातीत अन् कुजक्या पाल्यात असते.

बागाईतदार_नरखेड: आमच्या काकांना हेच झालं होतं. मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजात) दाखवलं, लाइन मोठी पण खर्च नाममात्र. इट्राकोनाझोल (बुरशीवरचं औषध) दिलं. कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, अ‍ॅसिडिटीच्या गोळीसोबत नाही, नाहीतर अंगी लागत नाही. मधूनमधून लिव्हरची तपासणी. गाठी बसल्या की काका गोळ्या सोडायला निघाले होते, डॉक्टरनं झापलं. तीन ते सहा महिने धरून चाला.

धंतोली_ताई: आमच्याकडे पण इट्राकोनाझोलच दिलं. भारीतल्या कंपनीचं.

स्लाइडवाली: पोटॅशियम आयोडाइडचे थेंब स्वस्त पडतात, जुना उपाय आहे. चव धातूसारखी लागते. थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

महालवाला: कडुनिंबाचा पाला लावून पाहा न बाप्पा.

काटोलचा_पोट्टा: सगळ्यांचे आभार. बाबा रामदासपेठेचं नाव काढू देत नाहीत, मेडिकलच्या लाइनीत तर उभेच राहणार नाहीत. मावसभाऊ सेवाग्रामला आहे, सोमवारी तिकडच्या दवाखान्यात नेतो. सलाइनचं लिहून घेतलं.

धंतोली_ताई: अख्खं नागपूर ओलांडून?

काटोलचा_पोट्टा: हाव.