पश्चिमाभिमुख विटांच्या घरापुढील अंगणाची आखणी कशी करावी?

विटकरी (नागपूर)

नमस्कार. नागपुरात आमचे घर नुकतेच बांधून पूर्ण झाले आहे. बाहेरच्या भिंतींना गिलावा न करता विटा उघड्या ठेवल्या आहेत आणि फक्त दरजा भरून घेतल्या आहेत. घराचे तोंड पश्चिमेला असून पुढे ४० फूट रुंद आणि १८ फूट खोल अंगण आहे. जमीन काळी, चिकण. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा, विटांवर चढणारा वेल, मधे हिरवळ आणि कोपऱ्यात गुलमोहर असे माझ्या मनात आहे. आईला तुळशीवृंदावन आणि फाटकाशी रांगोळीपुरती जागा हवी आहे. पावसाळ्याआधी काय काय उरकून घ्यावे, याबद्दल मार्गदर्शन मिळाल्यास उपकार होतील.

जोते (वर्धा)

आपण झाडांपासून सुरुवात करत आहात. माझी कळकळीची विनंती आहे की आधी पाण्याचा विचार करावा. आमच्याही घराच्या विटा उघड्या आहेत, आणि आम्ही हौसेने भिंतीला खेटून मोगऱ्याचा वाफा केला होता. वाफ्यात माती भरता भरता तिची पातळी जोत्यातल्या डीपीसीच्या, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणाऱ्या थराच्या वर गेली, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या चार-पाच थरांवर पांढरा लोणा फुलला. ब्रशने झाडला की महिन्याभरात पुन्हा येई, आणि हात फिरवला तर विटेचा पापुद्रा बोटांना लागून येत असे. मातीतले आणि विटेतले क्षार ओलीबरोबर वर चढतात आणि पाणी उडून गेले की विटेच्या तोंडाशी साचतात, त्यामुळे वरून कितीही रंगरंगोटी केली तरी उपयोग होत नाही. अखेर सगळा वाफा उपसावा लागला.

म्हणून भिंतीलगतची अडीच फुटांची पट्टी झाडांपासून पूर्ण मोकळी ठेवावी आणि तिला बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी बसवावी. अंगणाची माती डीपीसीपेक्षा किमान सहा इंच खाली असू द्यावी. पुढच्या अंगणालाही रस्त्याकडे दर दहा फुटांना तीन इंच उतार मिळाला, तर नागपूरच्या मुसळधार पावसातही पाणी जोत्याशी थांबणार नाही.

वाटेसाठी काँक्रीट ओतू नये. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे एकसंध काँक्रीट तडकते. नऊ इंच काळी माती काढून मुरूम दोन थरांत टाकावा, प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुम्मसाने ठोकावा आणि वर शहाबादी फरशी सुटी बसवावी. एखादी फरशी खचलीच, तर तेवढीच उचलून नीट करता येते.

सावली (अमरावती)

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. गुलमोहर मात्र टाळावा: त्याची मुळे उथळ पसरतात आणि वादळात फांद्या मोडून पडतात. बहावा सुंदर दिसतो, पण ऐन एप्रिल-मेमध्ये, सावलीची खरी गरज असताना, तो जवळजवळ निष्पर्ण असतो. आपल्या अंगणाला बकुळ शोभेल. ती सावकाश वाढते, पण बारा महिने हिरवी राहते. ती लावताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मे महिन्यात सूर्य थेट पश्चिमेला न मावळता बराच उत्तरेकडे सरकून मावळतो, त्यामुळे झाड खिडकीच्या समोर न लावता तिच्या उत्तरेला, कुंपणाच्या बाजूला लावावे.

बकुळ मोठी होईपर्यंत भिंतीपासून तीन फुटांवर लोखंडी मांडव उभारून त्यावर मधुमालती चढवावी. विटांना चिकटणारा वेल नको, कारण त्याची मुळे दरजांत शिरतात.

विटकरी

मनःपूर्वक आभार. भिंतीलगतचा वाफा आणि गुलमोहर दोन्ही रद्द केले. हिरवळीचे काय करावे? आणि लाल विटांपुढे पांढरी फुले उठून दिसतील म्हणून अनंत लावायचा विचार आहे, तो योग्य ठरेल का?

जोते (वर्धा)

पांढऱ्या फुलांची निवड उत्तम आहे, पण अनंताला आम्लधर्मी माती लागते. आपल्या काळ्या मातीत त्याची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बांधकामाचा सिमेंट-डबर अंगणात पुरला असेल तर अधिकच, म्हणून तो आधी उकरून काढावा. तगर आणि कुंद इथे बिनतक्रार वाढतात. मे महिन्यातच दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊन उन्हात तापू द्यावेत आणि लागवड पहिल्या एक-दोन पावसांनंतर करावी.

हिरवळ ४५ अंशांच्या उन्हात रोज पाणी मागेल. त्याऐवजी मधला भाग मुरमाचा, चोपून सपाट केलेला ठेवावा. सडा घातल्यावर तो गार राहतो, आणि आईंच्या वृंदावनाला व रांगोळीला त्याहून चांगली जागा नाही.