मदत हवी आहे: नव्या वाद्यात लांडगा शिरलाय, दहा दिवसांनी ऑडिशन

चौथी_तार
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येते. वाद्य नवीन आहे, हाताने घडवलेलं, माझ्यासाठीच बनवून घेतलेलं. पहिले काही महिने स्वर्ग होता. आता एफ वाजवला की लांडगा. बारीकसारीक नाही, गज हातात अक्षरशः थडथडतो. आजूबाजूचे स्वर स्वच्छ. दहा दिवसांनी ऑडिशन आहे आणि नेमून दिलेल्या उताऱ्यात हा एफ चार वेळा येतो, त्यातला एक चांगला लांबलचक. काय करू? "रियाज वाढवा" कृपया सांगू नये, माझं पोट यावरच चालतं.

गजकर्ण
वाद्य म्हणजे कुठलं? व्हायोलिन, व्हिओला, चेलो? एफ कुठल्या तारेवरचा? तारा कुठल्या आणि कधी बदलल्या? साउंडपोस्टला, म्हणजे पेटीच्या आतल्या उभ्या दांडीला, कोणी हात लावलाय का? एवढं सांगितल्याशिवाय इथे सगळे अंदाजपंचे बोलणार.

निवांत_वाचक
लांडगा म्हणजे काय ते आमच्यासारख्या अडाण्यांनाही सांगा की. मी आधी प्राणिप्रेमींचा धागा समजून आत आलो.

जुनं_ते_सोनं
म्हणूनच मी कायम सांगतो, लाकूड मुरलेलं हवं. नवं वाद्य दहा-वीस वर्षं वाजवल्याशिवाय उघडत नाही. भाऊ, तुम्ही जुनं घ्यायला हवं होतं.

चौथी_तार
चेलो हो, अजून काय. जी तारेवर, वरच्या पोझिशनमध्ये. सी तारेवर आणखी वर गेलं की तिथेही हाच त्रास. तारा चांगल्याच आहेत. आणि भाऊ नाही, ताई.

फिजिक्सवाले_काका
निवांतराव, प्रत्येक वाद्याच्या लाकडी पेटीला स्वतःचा एक आवडता स्वर असतो. चेलोत तो साधारण ई ते एफ शार्पच्या दरम्यान पडतो. एफ म्हणजे १७५ हर्ट्झच्या आसपास. तारेवर नेमका तोच स्वर वाजवला की पेटीचा वरचा तक्ता इतका जोरात हलतो की तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जागेवर ठरत नाही. मग तारेच्या मूळ स्वराला टेकायला जागाच उरत नाही, तो कोसळतो आणि वरचं सप्तक डोकावतं. तक्ता शांत झाला की मूळ स्वर परत येतो. हे चक्र सेकंदात अनेकदा फिरतं, ती थडथड म्हणजे लांडग्याचं गुरगुरणं.

यावर १९१६ साली शोधनिबंध लिहिणारा माणूस आपला सी. व्ही. रामन! चेलोची तार आणि तक्ता दोन्हींची कंपनं त्यांनी एकाच वेळी फोटोत पकडली होती. लोकांना रामन म्हटलं की प्रकाशच आठवतो, पण आधीची कित्येक वर्षं तारा आणि गज यांतच गेली त्यांची.

निवांत_वाचक
दंडवत काका. वाचनखूण साठवली.

बाल_की_खाल
@जुनं_ते_सोनं, विदा आहे का काही? २०१० साली इंडियानापोलिसमध्ये २१ वादकांना काळे गॉगल घालून ६ व्हायोलिनं वाजवायला दिली होती, ३ नवी आणि ३ जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरीची, एक ग्वारनेरीचं, म्हणजे इटलीतल्या सगळ्यात नामी जुन्या कारागिरांची. बहुतेकांनी नवं निवडलं आणि सगळ्यात कमी आवडलेलं एक स्ट्रॅड निघालं.

जुनं_ते_सोनं
हॉटेलच्या खोलीत घेतलेली परीक्षा ती. सभागृहात वाजवा म्हणजे कळेल.

बाल_की_खाल
त्याच लोकांनी २०१२ साली पॅरिसजवळ सभागृहातही घेतली. १० नावाजलेले एकल वादक, १२ व्हायोलिनं, निम्मी नवी. दहापैकी सहा जणांनी नवं उचललं. राहिलं तुमचं "वाजवून उघडतं". ऑस्ट्रेलियात एकाच कारागिराकडून जुळी व्हायोलिनं करून घेतली, एक संग्रहालयात ठेवलं, एक वादकाला दिलं. तीन वर्षांनी दोघांत म्हणावा असा फरक सापडला नाही.

जुनं_ते_सोनं
तीन वर्षं म्हणजे काहीच नाही हो. तीनशे म्हणतोय मी.

गजकर्ण
तुमचं चालू द्या, पण ते सगळे प्रयोग व्हायोलिनचे आहेत आणि बाईंचा प्रश्न चेलोचा. लांडगा वाद्याचं वय विचारून येत नाही, जुन्या नामी चेलोंतही तो असतो. उलट तक्ता हलका आणि वाद्य बोलकं असेल तर जास्तच. नव्यांचं म्हणाल, तर नावाजलेला चेलोवादक डेव्हिड फिंकल आजच्या काळातल्या झिग्मुन्टोविच या कारागिराने १९९३ साली केलेला चेलो वाजवतो आणि व्हायोलिनवाला टेट्झलाफ ग्राइनर या आजच्याच कारागिराचं. बास झालं की नाही?

@चौथी_तार, "तारा चांगल्याच आहेत" हे उत्तर नाही.

चौथी_तार
बरं. कारागिराने दिल्या तेव्हा ए आणि डी लार्सन, जी आणि सी स्पिरोकोअर. दोन महिन्यांपूर्वी चारही बदलून जास्त ताणाच्या घातल्या. ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसते, आवाज पुढे जावा म्हणून.

चुंबकराव
त्या नळीबिळीच्या भानगडीत पडू नका. तक्त्याच्या आतून बसणारं चुंबकाचं वजन मिळतं, बाहेरून दुसरं चुंबक फिरवून जागा ठरवायची. माझा लांडगा पाच मिनिटांत गेला.

गजकर्ण
नळीचं नाव कोणी काढलं होतं?

चुंबकराव
तुम्ही काढणारच होता.

गजकर्ण
खरंय, काढणार होतो. घोडी आणि टेलपीस (तारा खाली अडकवतात ती पट्टी) यांच्या मधल्या जी तारेवर रबर घातलेली पितळी नळी बसवा आणि जरा जरा सरकवत जा. तारेचा तो तुकडा लांडग्याच्याच स्वरात आला की वरची ताकद शोषून घेतो. फार घट्ट बसवली तर शेजारचे स्वरही मुके होतात. तोवर एफ आला की गुडघ्यांनी पेटी हलकेच दाबा. तुम्ही हे करतच असाल.

पण खरा गुन्हेगार मला त्या तारा वाटतात. जड तार म्हणजे लांडग्याला आमंत्रण. जी आणि सी पुन्हा जुन्या घाला.

आईची_धावपळ
इथे जाणकार दिसतात म्हणून विचारते. मुलगी सात वर्षांची आहे, व्हायोलिन पाव मापाचं घ्यावं की अर्ध्या?

फिजिक्सवाले_काका
ताई, वेगळा धागा काढा. तरी सांगतो. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात सरळ लांब करायला सांगा. टोकाचा गोल तळहातात आरामात मावला तर माप बरोबर. हात ताणावा लागला तर लहान घ्या.

खर्जातला
@चौथी_तार, तारांनी एवढी थडथड अचानक सुरू होत नाही. तुम्ही काहीतरी लपवताय. गजकर्णने पहिल्याच प्रतिसादात साउंडपोस्टचं विचारलं होतं.

चौथी_तार
लपवत नाहीये. महत्त्वाचं वाटलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी सी तार जरा बसकी वाटत होती, म्हणून जवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडून पोस्ट थोडा सरकवून घेतला. म्हणाला नवा चेलो आहे, बसायला वेळ लागतो. दोन दिवसांत लांडगा सुरू.

खर्जातला
आली मांजर पिशवीबाहेर. तो म्हणाला ते अर्धं खरं आहे. नव्या वाद्याचा तक्ता तारांच्या ताणाखाली पहिलं वर्षभर हळूहळू बसतो, हवेतल्या ओलीनेही वरखाली होतो. पोस्ट नुसता चिणून उभा असतो, डिंक नसतो, त्यामुळे सैल किंवा घट्ट पडतो. पुष्कळदा सरकवून भागत नाही, नवा कापावा लागतो. पण हे ठरवणार कोण? ज्याने तक्ता तासलाय तो. त्याला फोन केलात का?

चौथी_तार
नाही. त्याने बजावलं होतं, पहिल्या वर्षात माझ्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका. तारा बदलल्याचंही त्याला माहीत नाही. आता कुठल्या तोंडाने करू?

खर्जातला
आहे त्याच तोंडाने. अहो, स्ट्रॅडिव्हरी १७३७ सालीच गेला, त्याची वाद्यं वाजवणाऱ्यांना ही सोय नाही. तुमचा माणूस जिवंत आहे, फोन उचलतो, आणि तुमच्या चेलोच्या आत काय आहे हे त्याला पाठ आहे. ओरडेल पाच मिनिटं. ऐकून घ्या.

जुनं_ते_सोनं
हे मात्र मान्य. आमच्या चेलोत कोणी कोणी काय काय केलंय ते देवालाच ठाऊक. (कृ. ह. घ्या.)

चौथी_तार
केला फोन. पाच नाही, वीस मिनिटं ओरडला. मग शांतपणे म्हणाला, खालची खुंटी काढून त्या भोकातून पोस्टचा फोटो पाठवा. फोटो बघून परत ओरडला. चेलो दिला त्या दिवशी घोडीच्या पायापासून पोस्ट किती अंतरावर होता, हे त्याच्या वहीत लिहिलेलं निघालं. ते माप त्याने सांगितलं, मी त्याच दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि समोर बसून पोस्ट जागेवर नेऊन घेतला. जी आणि सी पुन्हा स्पिरोकोअर. नळी बसवली नाही, त्याने आधी दोन दिवस थांबा म्हटलंय.

लांडगा गेला नाही. पण आता तो एफ आणि एफ शार्पच्या मधोमध जाऊन बसलाय. सुरात वाजवलं तर भेटत नाही.

गजकर्ण
म्हणजे आता बेसूर झालात की परीक्षकांना लगेच कळणार. शुभेच्छा! निकाल इथेच लिहा. आणि तारा मीच सांगितल्या होत्या, याची नोंद व्हावी.

खर्जातला
पोस्ट होता तो.

गजकर्ण
तारा.

आईची_धावपळ
काका, गोल तळहातात छान मावला, पाव माप ठरलं. पण हा धागा तिला वाचून दाखवला तर आता म्हणते, मला लांडगावालाच हवा.